गिल्या वड्याची प्लेट अन् रेडिओचं बटन

अमरावतीच्या त्या हॉटेलात गानं जमलं का फसलं, हे टाळ्यांवरून कळतच नायी! मालकाच्या बाजूले रेडिओ असते. गानं आवडलं तं गानाऱ्यापुढं गिल्या वड्याची प्लेट जाते, दह्यानं भरलेली. नायी आवडलं तं मालक बोलत काईच नायी, नुसतं बटन फिरवते. रेडिओवर कापसाचे भाव सुरू झाले का गानाऱ्यानं पेटी बंद करून ओट्यावरून खाली उतराचं. खलास!

बैठक शनिवारी, संध्याकाळी पाचले. नव्या मानसाले एकच भजन. जमलं तं दर शनिवारी त्याची जागा पक्की. माह्या दादाले ती जागा पायजेच होती. सहा महिने घरात पेटी कुटून राहिला होता! भजन कोनतं, तं आईनं आमाले दोघा भाऊ-बहिनीले एकाच चटईवर बसवून शिकवलेलं.

त्या शनिवारी अकोल्याहून ताई अन् भाऊजी आलेले. आमी सारे फॅमिली रूममधी. रूम कसली, निळा पडदा अन् त्याच्यामागं दोन टेबलं! दादा गायच्या आधी आत डोकावला. टेबलावर तळलेल्या मिरच्या होत्या.

भाऊजी म्हनाले, "साळेबुवा, तुमच्या अमरावतीच्या मिरच्या म्हंजे काकडीच हो. आमच्या अकोल्यात लेकरं खाऊन शाळेत जातात."

"अस्सं?" दादानं एक उचलली.

ताई ओरडली, "अरे, गायचं हाय ना तुले! काहून खाऊन राहिला?"

"मंग काय, अकोल्याच्या जवायापुढं हरू?"

तीन खाल्ल्या, बाप्पा! देठासकट! अन् पानी न पिता थेट ओट्यावर जाऊन बसला.

धृपद झ्याक गायलं त्यानं. मले वाटलं, जमलं! पन अंतऱ्यात आवाज वर न्याची जागा आली अन् दादाले ठसका लागला. एक. दोन. तीन. डोळ्यांतून पानी, बोटं पेटीवर, आवाज गायब! मी पडद्याच्या फटीतून पायलं, तं मालकाचा हात बटनावर!

मी अंतरा उचलला. बसल्या जागेवरून, पडद्याआडून. ताईनं चिमटा काढला, तरी मी थांबली नायी. दादाची पेटी घडीभर अडखळली, मंग माह्या आवाजामागं चालू लागली.

बाहेर कोनीतरी इचारलं, "कोन बाई गाऊन राहिली हो?"

मालक खेकसला, "वडा खा ना गुपचूप!"

शेवटच्या धृपदाले दादाचा आवाज परत आला. फाटका, पन आला! आमी दोघांनी मिळून संपवलं. रेडिओ मुकाच.

मंग दोन प्लेटी निघाल्या. एक ओट्यावर, एक पडद्याच्या आत! मालक सोता पडद्यापाशी येऊन म्हनाला, "बाई, पुढच्या शनिवारी भावाले घेऊन या."

भाऊजी इतके हसले का त्यायलेच ठसका लागला. दादानं आत येऊन पयले माह्या प्लेटमधलं दही चाटून घेतलं, तोंडाची आग इझवाले, अन् मंग म्हनाला, "जागा भेटली ना वं आपल्याले!"

आता दर शनिवारी आमी दोघं गातो. मालकानं ओटा वाढवून पार पडद्याले लावून घेतला. आमच्या टेबलावर सारं येते, मिरच्या तेवढ्या येत नायी. भाऊजी आले अन् मागतल्या, तरी नायी.