मंगलाचं लुगडं

रोज सकाळी धारेला बसण्याआधी लंकाबाई खुंटीवरचं हिरवं लुगडं काढायची आणि अंगभर पांघरायची. मग चरवी घेऊन कबरी शेळीपाशी बसायची.

लुगडं तिच्या लेकीचं, मंगलाचं. सिन्नरजवळच्या त्या गावात लंकाबाईच्या सहा शेळ्या होत्या. त्यांतली कबरी मंगलाने करडू असल्यापासून वाढवलेली. बत्तीस सालच्या हिवाळ्यात मंगला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि मुलगी जन्मली त्याच पहाटे स्वतः गेली. सासरच्यांनी नातीचं नाव काढलं नाही. वच्छी आजीकडेच राहिली.

बाकीच्या शेळ्या तेव्हा आटलेल्या. दूध होतं ते एकट्या कबरीचं. माहेरी आल्यापासून तिची धार मंगलाच काढायची, आणि कबरी दुसऱ्या हाताला पान्हा सोडीना. मान वळवून हुंगायची, लाथ झाडायची. दोन दिवस वच्छीने साखरपाण्याच्या बोळ्यावर काढले. तिसऱ्या सकाळी थंडी वाजली म्हणून लंकाबाईने हाताला आलं ते मंगलाचं लुगडं पांघरलं. कबरीने पदर हुंगला, आणि चरवीत धार वाजली.

सुतक फिटलं त्या दिवशी शेजारची बायडाबाई घरातले सगळे कपडे गोळा करून ओढ्यावर गेली. गेलेल्या माणसाचं कापड न धुता घरात ठेवत नाहीत. लंकाबाई वच्छीला थोपटत बसली होती. खुंटी रिकामी आहे हे तिच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. मग मूल पोटाशी धरून ती ओढ्यापर्यंत धावली.

"धुतलंस?"

"एक टोक भिजवलंय नुसतं. काय गं?"

लंकाबाईने लुगडं दगडावरून ओढून घेतलं.

"लंके, सुतकाचं कापड घरात नेतीस? लोक काय म्हणतील?"

"लोक येणार हायेत का कबरीला पिळायला?"

बायडाबाईने हातातलं धुणं दगडावर ठेवलं. मग म्हणाली, "तू अजून रडली बी नाय."

"सवड व्हऊ दे."

संध्याकाळी तिने कोरडा पदर कबरीच्या तोंडाशी धरला. धार लागली तशी तिने चरवी जवळ ओढली.

सवड काही झाली नाही. बाभळीच्या शेंगा खाताना शेळ्यांच्या दातांचा कुरकुर आवाज, उन्हात उगाच उड्या मारणारी करडं, बोटांवर येणारा कोमट फेस. मंगला यातल्या एकेका गोष्टीला हसली असती. लंकाबाईला ते सगळं दिसायचं. आत काही हलायचं नाही. वच्छी मात्र वाढत होती. कबरीचा कान धरून ती पहिल्यांदा उभी राहिली. लुगड्याला आता नुसता शेळ्यांचा वास येई, आणि कबरी केव्हाच लंकाबाईच्या हाताला सरावली होती. तरी पांघरणं सुटलं नाही. बायडाबाई चिडवायची, "शेळी इसरली, म्हातारी नाय इसरली."

सदतीस साली लंकाबाई गेली, त्या सकाळी तिला बाजेवरून उठवेना. पाच वर्षांची वच्छी म्हणाली, "मी काढते धार," आणि खुंटीवरचं लुगडं ओढू लागली.

"ते ऱ्हाऊ दे. तुला वळखती ती."

वच्छी तशीच जाऊन बसली. कबरीने मान वळवली, तिला हुंगलं आणि परत पाल्याला तोंड लावलं. पहिली धार मातीत गेली. दुसरी चरवीत वाजली.

"चरवी नीट धर," लंकाबाई म्हणाली. "सांडंल."