कॉफीत धुतलेला रोल

तीन म्हातारी माणसं, एक बाथरूम आणि एक काळी पिशवी, एवढं जमलं की किस्से साठायला वेळ लागत नाही. निगेटिव्ह निदान सहा-सहाच्या पट्ट्या कापून पाकिटात घालता येतात, किस्से कुठे घालणार? लोक येतात, चहा पितात आणि म्हणतात, "शालनताई, तो सोड्याचा सांगा ना." सांगून सांगून घसा सुकला. म्हणून एकदाचे लिहून काढते.

आधी माणसं. मी शालन, सांताक्रूझ पूर्वेला राहते, वय बहात्तर. शाळा सातवीपर्यंत. पुढे अंधेरीला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते, तिथे बाटल्यांवरची लेबलं वाचून इंग्रजी शिकले. फोटो काढायला लागले साठीनंतर आणि रोल घरी धुवायला त्याच्याही नंतर. कोणाकडे क्लास लावला नाही. मोबाइलवर बघितलं, वहीत लिहिलं, चार रोलची वाट लावली, पाचवा जमला.

खालच्या मजल्यावर देसाई सर. शाळेत केमिस्ट्री शिकवायचे. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, शिकवणं थांबलेलं नाही. आणि तिसरी पारू. खारदांड्याची कोळीण, तीस वर्षं माझ्या दारात मासे आणते. वयाने माझ्याएवढीच. पारू देवालाही अरे-तुरे करते, त्यामुळे सरांनी वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आता किस्से.

*

एका सकाळी पारूने पाटी उतरवली आणि कमरेच्या पिशवीतून एक रोल काढून माझ्या हातावर ठेवला.

"शालू, ह्याच्यातून मना फोटो काढून दे."

रोल रंगीत, वीसेक वर्षांपूर्वीचा. तिच्या नवऱ्याने कोणाचा तरी कॅमेरा आणून संपवला होता आणि धुवायचा राहून गेला होता. नवरा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

"आजच कशाला आठवण झाली?"

तेव्हा तिने सांगितलं. दांड्याला तिच्या घरामागे बोंबील वाळत घालायची जागा आहे. सासूच्या सासूपासून तिथे बांबू उभे असायचे. मध्ये दोन वर्षं धंदा मंदावला म्हणून बांबू काढले, तर पलीकडच्या नव्या सोसायटीने तिथे गाड्या लावायला सुरुवात केली. वर म्हणतात, इथे कधी काही नव्हतंच. मोजणीचे साहेब दोन महिन्यांनी येणार होते. त्यांनी सांगितलं होतं, जुना कागद नसेल तर जुना फोटो आणा.

"आणि बांबूंचा फोटो ह्यात आहे?"

"पोरांचा बापूस म्हनाला होता, सगलं वालवन काढलंय ह्याच्यात."

स्टेशनजवळच्या स्टुडिओवाल्याने तिला हसून परत पाठवलं होतं. दुसरा म्हणाला होता, एवढ्या जुन्या रोलचे रंग गेलेले असणार, गॅरंटी नाही.

"मी देते काढून," मी म्हटलं.

सर जिन्यातच उभे होते. पारू गेल्यावर हळूच म्हणाले, "शालनताई, इतका जुना रोल तुम्ही कधी धुतलाय?"

"नाही."

"मग शब्द कसा दिलात?"

"तोंडाने."

*

जुन्या रोलवर काळपट धुकं चढतं, चित्र त्याच्या खाली गाडलं जातं. बाजारातल्या डेव्हलपरने, म्हणजे चित्र वर आणणाऱ्या औषधाने, कधीकधी चित्रापेक्षा धुकंच जास्त वर येतं. मी वाचलं होतं की साध्या इन्स्टंट कॉफीचा डेव्हलपर करावा. कॉफी, धुण्याचा सोडा, व्हिटॅमिन सीची पावडर. रंगीत रोल असला तरी चित्र काळं-पांढरं येतं, पण येतं. बोंबलांना रंग कशाला हवा?

मात्र पारूच्या रोलला हात लावायच्या आधी दुसऱ्या रोलवर प्रयोग करायचे, हे मी ठरवलं. सर म्हणाले, सामान मी आणतो, त्यात केमिस्ट्री आहे. वाण्याला त्यांनी चिठ्ठीवर सूत्र लिहून दिलं. वाण्याने सूत्राकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि भज्यात घालतात तो सोडा दिला. सरांनी पाकीट न वाचता आणला.

रोल बाहेर आला तो काचेसारखा कोरा. गल्लीतल्या गणपतीची छत्तीस चित्रं गेली.

सरांनी पाकीट हातात घेतलं. मान खाली घातली. बारीक अक्षरं वाचून म्हणाले, "हा बायकार्बोनेट आहे. पण शालनताई, हा तापवला तर ह्याचाच धुण्याचा सोडा होतो."

मग मी तवा ठेवला आणि रवा भाजतात तसा तो सोडा भाजला. सर बाजूला उभे राहून "अजून, अजून" करत होते. पुढचा रोल झकास आला. तेव्हापासून आमच्याकडे सोडा भाजूनच वापरतात. पाकिटावर धुण्याचा असं लिहिलेलं असलं तरी सर म्हणतात, "एकदा तव्यावरून फिरवून घ्या."

*

माझीही एक चूक सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी स्वतःचं झाकते. घरात आमसुलं होती. मी मालवणची. मला वाटलं, कॉफीने होतं तर कोकमाने का नाही? सर नको म्हणाले, म्हणून तर मी केलंच. रोल सोलकढीच्या रंगाचा निघाला. चित्र एक नाही.

"आंबटात डेव्हलप होत नाही," सर म्हणाले.

"आधी सांगायचं."

"आधीच सांगितलं होतं."

"मोठ्याने सांगायचं."

*

डेव्हलपर थंड लागतो, वीस डिग्रीच्या आसपास. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात एकतीस. माझ्या फ्रिजमध्ये बर्फाचा एकच ट्रे, त्याने काय होणार? पारू म्हणाली, "बरफ मी आनतंय. त्याला काय लागतंय?"

तिने आणला. मासळीवर टाकतात तो, गोणपाटात गुंडाळून, पाच किलो. बादलीत ओतला, त्यात डेव्हलपरची बाटली उभी केली. पारा सरसर उतरला. पण त्या बर्फाने आदल्या दिवसापर्यंत बांगडे सांभाळले होते आणि ते त्याने लपवलं नव्हतं. त्यात कॉफी आणि सोड्याचा वास. तिसऱ्या मजल्यावरून विचारणा झाली की कोणाचं ड्रेनेज फुटलंय का.

सर शुद्ध शाकाहारी. नाकाला रुमाल लावून, एका हातात थर्मामीटर धरून उभे.

पारूने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "मास्तर, तू फोटो बगनार हायस का खानार हायस?"

सरांनी रुमाल खिशात घातला. त्या दिवसापासून परत काढला नाही.

*

आता काळ्या पिशवीचा. रोल उजेडात उघडला की संपला. म्हणून दोन बाह्या असलेली जाड काळी पिशवी असते. आत हात घालून, न बघता, फिल्म एका चकरीवर गुंडाळायची आणि चकरी डब्यात बंद करायची. मग डबा उजेडात आणला तरी चालतो. हे सगळं बोटांचं काम. मला जमतं, पण संधिवात आहे, दहा मिनिटं लागतात. सरांना अर्धा तास लागला आणि शेवटी फिल्म दुमडली.

पारू पायरीवर बसून बघत होती. "आन हिकडं."

हात पुसले, पिशवीत घातले, माझ्याशी सुरमईच्या भावावर बोलत राहिली आणि बोलणं संपायच्या आत डबा बाहेर.

सरांनी विचारलं, "पारूबाई, हे कसं केलंत?"

"कोलंबीचा धागा काडतात तसा. तुटू द्यायचा नाय, ओडायचा नाय. तो सोताच येतो."

सरांनी हे वहीत उतरवून घेतलं.

तो रोल मी वाळवला आणि सरांना दाखवला. एका फोटोत दांड्याच्या समुद्रावर चंद्र उगवला होता, गोल, स्वच्छ. सर पाच मिनिटं बघत राहिले. म्हणाले, "शालनताई, ही तुमची आजवरची सर्वोत्तम कलाकृती." मी भिंग लावून पाहिलं. चंद्राला बारीक रेषा होत्या, झाडाच्या बुंध्यात असतात तशा. पारूच्या नखातला पापलेटचा खवला फिल्मला चिकटला होता.

सरांना मी अजून सांगितलेलं नाही. ते हे वाचतील तेव्हा कळेल.

*

दोन महिने संपत आले. सात रोलवर प्रयोग झाले होते. शेवटच्या दोनांत मी एक चमचा मीठ टाकलं, आयोडिनचं, पाकिटातलं. त्याने धुकं कमी होतं. खडेमीठ चालत नाही, तेही करून पाहिलंय. एका मुदत संपलेल्या रोलवर चित्र असं आलं की सर म्हणाले, "आता थांबू नका."

ज्या दिवशी पारूचा रोल धुवायचा, त्या दिवशी तिने मासे आणले नाहीत. अंघोळ करून, केसांत अबोली माळून आली. पिशवीत हात घातले आणि पहिल्यांदाच गप्प बसली. इतकी वर्षं गुंडाळून पडलेली फिल्म, आत ती स्प्रिंगसारखी उलटत होती. पिशवी हलत होती. एकदा आतून कट्ट आवाज आला.

"तुटली?" सरांनी विचारलं.

"मास्तर, गप ऱ्हा."

डबा बाहेर आला. मी कॉफी ओतली. पंधरा मिनिटं, दर मिनिटाला डबा तीनदा उलटा करायचा. सर घड्याळ धरून आकडे मोजत होते. मग पाणी, मग हायपो, चित्र पक्कं करायला. झाकण मी उघडलं.

फिल्म गर्द तपकिरी, जवळजवळ काळी. सरांनी चष्मा काढला. "शालनताई, मला काही दिसत नाही."

"चष्मा काढलात तर कसं दिसेल?"

मी फिल्म खिडकीत धरली, उन्हावर. सुरुवातीचे चार फोटो फिल्म तुटली तिथे गेले होते. पुढे माणूस होता. त्याच्या पुढच्यातही माणूस. मग मी ओळखलं आणि पारूला जवळ ओढलं.

सगळ्या फोटोंत पारू. पाटी घेऊन पारू, पाठमोरी पारू, वाकलेली पारू, लुगडं खोचून उभी पारू. एकात हात वर उगारलेला, तोंड उघडं, शिव्या देताना. बांबू होते, पण तिच्या मागे, अर्धे कापलेले, पुसट. नुसत्या बांबूंचा एकही फोटो नव्हता.

पारू भिंग घेऊन एकेक बघत गेली. शेवटपर्यंत गेली, परत पहिल्यापासून आली.

"मेल्या," ती फिल्मला म्हणाली, "वालवन काड म्हनलं होतं तुला."

मग भिंग माझ्या हातात दिलं आणि माझ्या बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. सरांनी आणि मी बाहेर चहा ठेवला. तिसऱ्यांदा गरम केला तेव्हा ती बाहेर आली.

*

निगेटिव्हचे मोबाइलवर फोटो घेतले आणि काळ्याचं पांढरं करून आम्ही ते झेरॉक्सच्या दुकानात छापले. त्यातल्या त्यात बरे अकरा. साहेब आले त्या दिवशी सर आणि मी पारूबरोबर दांड्याला गेलो.

घरामागे गाड्या उभ्या होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी फाइल घेऊन आले होते. सज्जन माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाले, "साहेब, आम्हाला ताबा मिळाला तेव्हा जागा रिकामी होती. इथे काही होतं याचा एक पुरावा दाखवा."

साहेब तरुण होते. त्यांच्यासोबत टेप घेतलेले दोघे. पारूने पाकीट दिलं. साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर अकराही फोटो मांडले आणि एकेक उचलून पाहिला.

"बाई, जागेचा फोटो मागितला होता. ह्यात सगळीकडे तुम्हीच आहात."

सर पुढे झाले. "साहेब, त्याचं असं आहे की हे इमल्शन..." मी त्यांची बाही ओढली.

"जागा कुठे आहे ह्यात?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

पारूने फोटोतल्या स्वतःच्या पायांवर बोट ठेवलं. "ही काय. मी उभी हाय ती."

सेक्रेटरी हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी हात उगारलेला फोटो उचलला. त्यात पारूच्या मागे बांबू होते आणि बांबूंच्या मागे जुनी दगडी भिंत, तिच्या कोपऱ्यात एक कोनाडा. त्यांनी मान वर करून पाहिलं. भिंत तिथेच होती. कोनाडाही होता, त्यात कोणीतरी झाडू ठेवला होता.

"मग जाऊन उभ्या राहा बघू," साहेब म्हणाले.

पारू गाड्यांच्या मधून गेली आणि भिंतीकडे पाठ करून उभी राहिली. साहेबांनी फोटो डोळ्यांसमोर धरला, एकदा फोटोत, एकदा तिच्याकडे.

"जरा डावीकडे."

ती सरकली.

"आता मागे."

ती मागे गेली.

"अजून थोडं मागे. अजून. नाही नाही, जास्त झालं, पुढे या. हां, आता परत मागे..."

पारूचा हात वर गेला, तोंड उघडलं आणि आतून जे बाहेर पडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सेक्रेटरी दोन पावलं मागे सरले.

साहेबांनी फोटोकडे पाहिलं. पारूकडे पाहिलं.

"हीच," ते म्हणाले. "टेप लावा."