देव परत येईपर्यंत

जे मी वकिलांना सांगितलं नाही, मेहुणीला नाही, देवासमोरही उच्चारलं नाही, ते हे: माझ्या लेकीचा ताबा न्यायालयानं मला दिला खरा, पण तो मी तिला घाबरवून मिळवला.

त्या सकाळी धाराशिवच्या न्यायालयाच्या आवारात कडुनिंबाखाली कोवळं ऊन सांडलं होतं आणि गौरीच्या वेण्यांना मावशीनं चोपडलेल्या खोबरेलाचा वास येत होता. बांधावरच्या भांडणात माझ्या हातून चुलतभावाचा जीव गेला तेव्हा ती रांगत होती. मी शिक्षा भोगत असताना तिची आई गेली, आणि अणदूरच्या मावशीनं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. न्यायाधीशबाई तिला एकटीलाच दालनात बोलावून विचारणार होत्या. बटण लावायच्या निमित्तानं मी वाकलो आणि तिच्या कानाशी म्हणालो, "मावशीचं नाव घेतलंस, तर पोलीस मला परत आत नेतील."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा मी जिंकलो होतो.

निघताना मेहुणी रडली नाही. "दाजी, लेकरू तुमचंच हाय," ती म्हणाली, "पण झोपताना पाय चोळावे लागतात तिचे, न्हाय तर टक्क जागी ऱ्हाती. जमंल न्हवं? जेलात शिकिवलं नसंल तसलं काय."

मुरुमच्या आमच्या दोन खोल्यांत मी रोज तिचे पाय चोळतो, तरी ती जागीच असते. गल्लीत एखादी जीप थांबली, की अभ्यास टाकून माझ्यापुढं येऊन उभी राहते, इवलाली पाठ माझ्या गुडघ्यांना टेकवून. तिन्हीसांजेला, भाकरीच्या धुरानं खोली भरलेली असतानाच, दाराची कडी घालते. तुरुंगात निदान कडी बाहेरून असे. इथं माझी लेक ती आतून लावते, माझ्यासाठी.

यंदाच्या थंडीत, करडई फुलावर आली असताना, तिला घेऊन अणदूरला गेलो. तिथला खंडोबा दोन गावांचा. मूर्ती एकच, वर्षाचा बराच काळ ती अणदूरला असते, थंडीत काही आठवडे नळदुर्गला जाते, आणि दर खेपेला दोन्ही गावांचे मानकरी समोरासमोर बसून देव परत करण्याचा करार लिहितात. भंडाऱ्यानं उतरतं ऊन अधिकच पिवळं झालं होतं. पालखी वेशीकडं निघाली तशी मेहुणीनं डोळ्यांना पदर लावला. शेजारची म्हातारी तिच्यावर खेकसली, "अगं, देव काय सासरी चाललाय व्हय? येतोय की माघारी!"

गौरी खुदकन हसली. कितीतरी महिन्यांनी मी ते हसू ऐकलं. मग माझी बाही ओढून तिनं विचारलं, "बाबा, देव माघारी येईस्तोवर मी मावशीकडं राहू?" आणि मी तोंड उघडण्याआधीच, अगदी हळू, "कुणाला सांगितलं न्हाय, तर पोलीस येणार न्हाईत ना?"

"पालखी पुढं गेली बघ," मी म्हणालो.

हळदीचा तो वास अजून माझ्या सदऱ्यात आहे. शिक्षा मी पुरती भोगली, असं कागद म्हणतो. पण त्या पोरीचं एक वाक्य माझ्याकडं अडकलेलं आहे, आणि ते मला अजून द्यायचं आहे: मला कुणीही नेणार नाही, मी खोटं बोललो होतो, आता सांग, तुला कुठं राहायचंय.