टाकी भरली की खलास

दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या नेहमीच्या पेट्रोल पंपावर पेशावरचा एक पठाण काम करतो. इतकी वर्षं त्याच्याकडे टाकी भरतोय, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. टाकी भरली की तो झाकण लावतो, म्हशीला चरायला सोडावं तशी गाडीच्या पाठीवर थाप मारतो आणि म्हणतो, "खलास!" पहिल्यांदा मी दचकलोच होतो. आपल्याकडे माणूस खलास होतो. इथे काम झालं, एवढाच त्याचा अर्थ.

परवा आखातात तेलाची जहाजं अडकल्याची बातमी आली आणि पंपावर ही भलीमोठी रांग लागली. माझा उतरलेला चेहरा बघून तो काच पुसता पुसता म्हणाला, "साहब, तेल के लिए सब मुल्क लड़ते हैं. पर तेल न होता, तो आप पूनावाले मुझे कहाँ मिलते?"

खरंच होतं. त्याच्या गावचा व्हिसा मला मिळायचा नाही, माझ्या गावचा त्याला. मनातल्या मनात मी त्या तेलाचे आभार मानले. गाडीवर थाप पडली. "खलास!"

पंपाबाहेर पडतो तोच पुण्याहून आईचा फोन. "पेट्रोल मिळालं का रे?"

"खलास," मी बोलून गेलो. तिकडे ती रडायच्या बेतात. "अगं, तसं नाही! इथे टाकी भरली की खलास म्हणतात."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"पंपावरच्या पाकिस्तानी माणसानं."

ती म्हणाली, "त्यालाही सांग, जपून राहा म्हणावं."