बाजेवरचा आजार

मुलगा झाला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आनंद नाही, दुःखही नाही. सुईणीने त्याला कुशीत ठेवलं आणि मी भिंतीकडे तोंड केलं. थकली असेल, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. माझी आई कधीच गेलेली, बार्शीटाकळीच्या माहेरी बाळंतपण करणारं कुणी नव्हतं, म्हणून पहिलटकरीण असून मी दर्यापूरजवळच्या सासरीच बाळंत झाले. नवरा अकोल्याला सरकारी कचेरीत होता. शनिवारी यायचा, पोराच्या मुठीत बोट देऊन हसायचा आणि निघून जायचा.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी घर रिकामं व्हायचं. मग मी, पोरगा आणि बाज. तो रडायचा, मी ऐकत पडायचे. पाजायचे, पण शेजारणीचं मूल पाजावं तसं. डिंकाचा लाडू तोंडात नुसता फिरायचा. संध्याकाळी माणसं परतली तरी मला एकटंच वाटायचं, आणि कुणाला सांगणार काय? दुखत तर काहीच नव्हतं.

शेजारच्या म्हातारीने दारातूनच निदान केलं. हिला बाहेरचं लागलं, भगताकडे न्या. आधीचे दिवस असते तर नेलंही असतं. पण आम्ही आता बौद्ध झालो होतो. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, देव्हाऱ्यातले देव स्वतः नेऊन नदीत सोडले होते. अंगारा, उतारा, नवस, सगळं त्या दिवसापासून बंद. "आमच्या घरात भूतखेत काई नाई," असं त्यांनी म्हातारीला ठणकावलं. मला त्यांचा अभिमान वाटायचा, आजही वाटतो. पण भूत नाही म्हणजे आजारही नाही, असा त्याचा अर्थ घरात झाला. उरला आळस. सासू म्हणाली, "आमी पोरं जनून लगेच वावरात जात होतो. तुलेच काय धाड भरली वं?" भूत असतं तर निदान कुणी माझी कीव तरी केली असती.

पोराला जीव लावला तो माझ्या मोठ्या जावेने. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. वावरातून आली की हातपाय धुऊन आधी त्याला घ्यायची. तिच्या खांद्यावर तो लगेच गप्प व्हायचा. एकदा मी तिला म्हटलं, "बाई, याले तुमीच ठेवा. मले नाई जमत."

तिने त्याला छातीशी घट्ट धरलं. "खरं सांगून राहिली का?"

मी हो म्हटलं. भासऱ्यांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, अंजनगावला कापसाच्या जिनात काम मिळालं होतं, ती दोघं तिकडे बिऱ्हाड करणार होती. उन्हाळ्यात पोरगं वरच्या दुधावर आलं की सोबत न्यायचं, असं घरात ठरलं. नवराही काही बोलला नाही.

बोलले ते मामाजी. "पोटचं पोरगं देऊन राहिली, अन् डोयात पानी नाई. हे आळसाचं लक्षन नाई," असं सासूला म्हणाले आणि मला अमरावतीला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी त्यांना बाहेर बसवलं. झोप येते का, जेवण जातं का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, एकेक विचारलं. मग विचारलं, "मूल आवडतं का?" हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी नाही म्हटलं. त्या दचकल्या नाहीत. "बाळंतपणानंतर काही बायकांना असं होतं. हा आजार आहे, तुझा स्वभाव नाही. बरी होशील." मी तिथेच हमसून हमसून रडले.

त्यांनी गोळ्या दिल्या. मामाजींना सांगितलं, हिला दिवसा एकटी ठेवू नका, पुरेशी झोपू द्या, मला परत दाखवायला आणा. आणि आजारात हिने कुणाला शब्द दिला असेल तर तो धरू नका.

सासू वेचणी सोडून घरी राहिली. कुरकुरली, पण राहिली. मी हळूहळू सुधारले, मधेच पुन्हा खचायचे, पुन्हा सावरायचे. उन्हाळा लागता लागता एका दुपारी पोराने माझं नाक पकडलं आणि मला हसू आलं. पाठोपाठ भीती वाटली, की हा आता जाणार.

निघायच्या दिवशी बैलगाडी दारात आली. मी बाजेवरच बसून राहिले. जाऊच त्याला घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "मामाजीनं सांगतलं मले सारं. आजाऱ्याजवळून घेत नाई." तो तिच्याकडे हात करून रडत होता. ती गाडीत पाठमोरी बसली.

पावसाळ्यात अंजनगावहून निरोप आला. ती जेवत नाही, बोलत नाही, दिवसभर पडून असते.

"त्यायले बी अमरावतीले न्या," मी म्हटलं.

"तिले काय झालं?" सासू म्हणाली. "तिनं काय पोरगं जनलं?"

तिला न्यायला कुणी गेलं नाही.