ओलांडलेलं पाणी

धरणावरच्या बोट क्लबात भिमाजी पगारेइतका सरळ वल्हवणारा गडी दुसरा नव्हता, आणि त्याच्याइतका भित्राही नव्हता. भीती पाण्याची म्हणाल तर नाही, पोहण्यात तो माशाला हरवील. त्या पाण्याखाली त्याची बहीण होती, तिची भीती.

चांगुणा तिचं नाव. धरणाचं पाणी चढायच्या आधीच्या उन्हाळ्यात ती तापानं गेली, चार वर्षांची असताना. नदीकाठच्या उंबराखाली तिला पुरली. पुढं गाव उठलं, माळावर नवं गावठाण झालं. दारं, कौलं, जाती, गाईचा गोठासुद्धा बैलगाड्यांतून वर आला. चांगुणा तेवढी खाली राहिली. भिमाजी तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि पाणी उंबराच्या शेंड्यावरून जाताना त्यानं माळावरून पाहिलं होतं.

आपल्याकडे झोपलेल्या लेकराला कुणी ओलांडत नाही. ओलांडलं तर वाढ खुंटते म्हणतात. चुकून ओलांडलंच, तर आल्या पावली उलटं ओलांडायचं, म्हणजे फिटतं. भिमाजीच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्ध. वडील ठणकावून सांगायचे, असलं काही नसतं, आपण प्रतिज्ञा घेतल्यात. भिमाजीला ते पटायचं. तरी अंगणात पोरं झोपली असली की तो वळसा घालूनच मोरीकडे जायचा. आई ठमाबाई तर मेलेल्यालाही हा नियम लावायची; ते ओलांडणाऱ्याच्या लेकराला बाधतं म्हणायची. त्या पाण्यात पोहायला जाणाऱ्या पोराला तिनं एकच बजावलं होतं, "उंबराकडं जाऊ नको. ती निजलीय."

आणि अशा माणसाच्या हातात वल्हं यावं, याला काय म्हणायचं! क्लबात तो लागला तो बोटी धुवायला. देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले धोंडीराम सुभेदार तिथं पोरांना शिकवायचे. फौजेच्या बोटीतून त्यांनी शर्यती मारल्या होत्या. त्यांनी एकदा भिमाजीचे खांदे पाहिले आणि त्याला चौघांच्या लांबोड्या बोटीत तिसऱ्या जागेवर बसवलं. चौघांच्या हातात एकेक लांब वल्हं, आणि शेपटाला दिशा सांभाळायला सुरगाण्याकडचा मंगळू. मंगळू म्हणजे मूठभर माणूस, पण आवाज असा की पलीकडच्या काठाचे बगळे उडायचे.

सुभेदारांची तालीम म्हणजे छळच होता. पहिला महिनाभर बोटीला हात नाही. काठावर एक फळी, तिच्यावर सरकतं पाटासारखं आसन, हातात बांबू. "आधी पाय, मग पाठ, शेवटी हात! परत येताना आधी हात, मग पाठ, शेवटी पाय!" हात आधी वाकला की पाठीत छडी. वल्हं आवळून धरलं की म्हणायचे, "गाय दोहताना सड धरतोस ना, तसं धर. लाथ बसंल एवढं आवळू नको." पाण्यात गेल्यावर पातं बुडेल एवढंच बुडवायचं, खोल घालायचं नाही. ही शिकवण भिमाजीला फार आवडली. खोल जायला त्याला नकोच होतं.

एक तालीम मात्र त्याला सोसायची नाही. वल्हं ओढून झालं, हात पुढं गेले, की सुभेदार काठावरून ओरडायचे, "थांब!" चौघांनी तसंच थांबायचं, वल्ही पाण्यावर अधांतरी, आणि बोट आपल्या वेगानं घसरत जायची. मग तळाला पाणी घासल्याचा बारीक आवाज यायचा. बाकीचे खूश व्हायचे, बोट नीट चालल्याची ती खूण. भिमाजीला वाटायचं, खालून कुणीतरी बोटीच्या पोटावरून हात फिरवून बघतंय.

त्यात वल्हवणाऱ्याची पाठ पुढच्या दिशेला असते. येणारं दिसत नाही, मागं पडलेलं तेवढं दिसत राहतं. उंबराची जागा त्याला कळायची ती बोट वरून गेल्यावर.

महिना-दोन महिन्यांत सुभेदारांच्या ध्यानात आलं, की दर फेरीला एका ठिकाणी बोटीचं नाक भिमाजीच्या बाजूला वळतं. त्याचं वल्हं तिथं हलकं पडायचं. त्यांनी त्याला पुन्हा फळीवर बसवलं, एकट्याला, दोघांबरोबर, नुसत्या पायांनी, नुसत्या हातांनी. फळीवर तो सोन्यासारखा वल्हवायचा. पाण्यात गेला की पुन्हा तेच. शेवटी सुभेदारांनी चौघांच्या डोळ्यांवर पंचे बांधले. न बघता एकमेकांची लय अंगानं ओळखायची, अशी ती तालीम. बोट छान निघाली. आणि पंचा बांधलेल्या भिमाजीचं वल्हं नेमकं त्याच जागी हलकं पडलं.

त्या दिवशी सुभेदार ओरडले नाहीत. बाकीच्यांना घरी पाठवून त्याच्या शेजारी बसले.

"भिमा, ही हाताची चूक नाय. ताकाला जाऊन भांडं लपवू नको. काय हाय तिथं?"

भिमाजीनं सांगितलं. सुभेदार हसतील असं त्याला वाटलं होतं. ते इगतपुरीकडच्या खेड्यातले, ओलांडण्याची गोष्ट त्यांनाही ठाऊक होती. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जाताना वरून जातोस, येताना त्याच वाटंनं परत येतोस," ते म्हणाले. "मग फिटलं की रं."

एवढ्या साध्या हिशोबानं भिमाजीचं वल्हं मोकळं झालं. गेलो की परत येतोच, या भरवशावर तो तिथंही जीव ओतून ओढू लागला.

पंचाहत्तर सालच्या हिवाळ्यात मोठी स्पर्धा याच धरणावर ठरली. शर्यत वरच्या फुगवट्याकडून भिंतीकडे, आणि भिंतीशी बोटी पाण्याबाहेर. म्हणजे एकाच दिशेनं. भिमाजीच्या पाचावर धारण बसली. घरी बायकोला, सरुबाईला, पाचवा महिना होता, बहुतेक त्यानंही. सुभेदारांनी शब्द दिला, "शर्यत झाली की बोट बाहेर नाय काढायची. तसंच परत वल्हवत येऊ."

ते जिंकले. मंगळूचा आवाज, चार पाठी एकदम मागं, आणि उंबरावरून जाताना भिमाजीनं जन्मात ओढलं नव्हतं एवढं वल्हं ओढलं. ती जागा शेपटामागून सरकताना त्याला दिसली. नुसतं पाणी, त्यावर त्यांच्याच वल्ह्यांचे भोवरे.

भिंतीशी पोचेपर्यंत पश्चिमेचा वारा सुटला. लाटा आत यायला लागल्या आणि पंचांनी बोटींना पाण्यात उतरायला बंदी केली. भिमाजी बोट सोडेना. लोकांना वाटलं, गडी आनंदानं वेडा झालाय. त्यांनी त्याला बोटीसकट उचललं. जिंकलेल्या चौघांना तसंच स्टेशनवर नेऊन पुढच्या शिबिरासाठी पुण्याला धाडलं. सुभेदार गर्दीत हार घालून उभे होते. दिलेला शब्द त्यांना गाडी सुटल्यावर आठवला असावा, कारण ते फलाटावरून पळताना दिसले.

शिबिर संपवून आल्यावर भिमाजी त्या जागेवरून उलटा गेला. शंभरदा गेला. पण आल्या पावली ते आल्या पावली.

मुलगी झाली. विशाखा. गोरीपान नाही, पण तरतरीत आणि तोंडाची फटाकडी. तीन वर्षांची होईतो सगळं ठीक होतं, मग ती वाढेचना. वर्गात पहिल्या बाकावर, रांगेत सगळ्यांच्या पुढं. डॉक्टर म्हणाले, काही पोरं चणीनं लहानच असतात. ठमाबाईनं एकदाच विचारलं, "तू तिच्यावरून गेलता का रं?" भिमाजीनं होय म्हणून मान हलवली. त्यावर म्हातारी मरेपर्यंत काही बोलली नाही.

तो शर्यती सोडून क्लबात शिकवायला लागला. त्याचा एक नियम अजून सांगतात: गेलेली बोट पाण्यातूनच परत आली पाहिजे. लेकीकडे तो कमीच बघायचा. बघितलं की नजर तिच्या डोक्यावर जायची, भिंतीवर कुठवर पोचली बघायला.

पंच्याऐंशीनंतर मुलींची बोट निघाली. शेपटाला बसायला हलकं आणि दणदणीत आवाजाचं माणूस हवं होतं. पोरी म्हणाल्या, सरांची विशू. भिमाजी नाही म्हणाला. सरुबाई म्हणाली, "शाळेत सगळे तिला बुटकी म्हणत्यात. एक जागा हाय जिथं बुटकीच लागती, तिथं तुम्ही आडवे!"

अठ्ठ्याऐंशीत पुन्हा इथंच स्पर्धा, पुन्हा एकाच दिशेनं. आदल्या संध्याकाळी भिमाजी लेकीला म्हणाला, "उंबराच्या अंगाला जरा वळसा घाल." ती म्हणाली, वळसा घातला तर हरू. का घालू? मग तेरा वर्षं गिळलेलं त्यानं सगळं सांगितलं: चांगुणा, वारा, पुण्याची गाडी. "तुझी उंची माझ्यामुळं गेली, बाई."

विशाखा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"म्हणजे तुम्ही माझ्याकडं बघता तेव्हा हे बघता?"

भिमाजीची नजर पुन्हा तिच्या डोक्यावर गेली.

"आत्या किती वर्षांची होती?"

"चार."

"मग तुम्ही वरून गेलात तेव्हाही ती चारचीच होती. आजही चारचीच." ती थांबली नाही. "वाढ तिची खुंटली, बाबा. तापानं. मला कशाला तिच्या जागी निजवता? मी लहान आहे. लहान आहे म्हणून मला बोट मिळाली. मी सरळ जाणार."

ती सरळ गेली. भिमाजी काठावर, नेमका त्या जागेसमोर उभा होता. इतक्या वर्षांत तो तिथं कधी थांबला नव्हता. बोट आली, लेकीचा आवाज पाण्यावरून आला, पोरींची पाती एकदम बुडाली, एकदम उठली, आणि बोट पुढं निघून गेली. भोवरे विरले. पाणी पुन्हा सपाट झालं.

त्याला एकाएकी चांगुणा दिसली. पाण्याखालची नाही, भुताची नाही. ताप चढायच्या आधीची, हातातली भाकर त्याच्यापुढं करणारी. पंचवीस-सव्वीस वर्षं तो तिला भीत आला होता. ती गेली म्हणून तो रडला मात्र कधीच नव्हता.

तो तिथंच मातीत बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

सरुबाई धावत आली. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अहो, उगी. चौथा नंबर काय कमी झाला का?"