पाटीवरचं नाव

कामोठ्यात आमच्या बिल्डिंगखाली चाचांची बेकरी आहे. पाटीवर हजरत बिलाल यांचं नाव होतं, म्हणून गिऱ्हाइकं चाचांनाच 'बिलालशेठ' म्हणायची. पाव बांधता बांधता ते हळूच सांगायचे, "ते नाव माझं नाय. हजरत बिलाल, रजियल्लाहु अन्हु. पहिली अजान त्यांनी दिली. नाव घ्यायचं तर मानानं घ्यावं." नाताळात केक मागितला, तरी येशूंचं नाव 'हजरत ईसा अलैहिस्सलाम' असं पूर्ण घेऊनच ते खोका उचलायचे.

गेल्या वर्षी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरला, असल्या नावाच्या दुकानातून काही घेऊ नका. संध्याकाळी पाव उरू लागले. शेवटी चाचांनी रंगारी बोलावला. त्यानं पाटीवर ब्रश टेकवताच मात्र चाचांनी त्याचा हात धरला. नमाजाआधी करतात तसा हातपाय-तोंड धुऊन वजू केला, स्टुलावर चढून पाटी स्वतः उतरवली आणि पांढऱ्या कापडात गुंडाळून आत नेली.

नव्या पाटीवर 'न्यू स्टार' आलं. गिऱ्हाईक परतलं. मेसेज पाठवणारे आमचे सेक्रेटरीही आले.

"आता कसं छान वाटतं. हे नाव कुठून सुचलं, चाचा?"

"ह्या नावाला कुणी काही बोललं तरी मला लागणार नाय, असं शोधलं," चाचा म्हणाले आणि सेक्रेटरींचे पाव बांधू लागले.